नियम आमच्याच घरात पाळला

आमच्या मुलीला ऐकू येत नाही हे मला एका बोहारणीनं सांगितलं. डॉक्टरांनी तेच नंतर इंग्रजीत सांगितलं.

माझं बाइंडिंगचं दुकान बुधवार पेठेत, अप्पा बळवंत चौकाच्या आतल्या बाजूला. खाली दुकान, वर राहायच्या दोन खोल्या. मुलगी तेव्हा दीड वर्षाची असेल. तिची आई वर स्वयंपाकात असली की मी तिला खाली कागदाच्या गठ्ठ्यांमध्ये गोधडी टाकून झोपवायचो आणि शेजारी बसून पुस्तकांच्या पाठी ठोकायचो. पुस्तक शिवून झालं की पाठ गोल करायला ती हातोडीनं ठोकावी लागते. आवाज असा की समोरचा चहावाला भांडायला यायचा. पोरगी मात्र ढिम्म. मी येईल त्याला कौतुकानं सांगायचो, "बाइंडरची लेक आहे. हातोडीच्या ठोक्यावर झोपते." एके दिवशी जुन्या लुगड्यांवर भांडी देणारी बोहारीण पायरीवर टेकली होती. तिनं हे ऐकलं, टोपलीतलं पातेलं काढलं आणि फरशीवर आपटलं. एकदा, दोनदा. मग पोरीच्या पापण्यांकडे बघत म्हणाली, "दादा, झोपेचं कौतुक पुरे. कानाचं बघा."

मी तिला हाकलून दिलं. पुढं कितीतरी दिवस ती गल्लीत दिसली की मी आत जाऊन बसायचो.

पण खरं सांगतो, पहिली पाच वर्षं आमच्या घरात बोलण्याला काही तोटा नव्हता. सगळं हातांनी. ते कुणी शिकवलं नाही, आपोआप होत गेलं. कपाळाला बोट लावलं की आई. दोन बोटं खळीत बुडवून कागदावर फिरवल्यासारखी केली की मी. नाक वर करून धोतराचा सोगा उचलला की वरच्या मजल्यावरचे घरमालक. संध्याकाळी दुकानाच्या फळ्या लावून वर गेलो की ती माझ्या पुढ्यात उभी राहून दिवसभराचं सगळं सांगायची. मांजरानं दुधात तोंड कसं घातलं, आई लाटणं घेऊन कशी धावली, त्या सांडलेल्या दुधावरून घरमालक कसे घसरले. घरमालकांचं घसरणं तीन तीनदा. आम्ही नवराबायको हसून बेजार व्हायचो. तोंडानं बोलणारी पोरं शेजारी ढीगभर होती, पण एवढं सांगणारी एक नव्हती.

पाच वर्षांची झाली तसं शाळेचं बघायला लागलो. इथं माझ्याविषयी एक सांगायला हवं. मी चौथीतून शाळा सोडलेली. अक्षराला अक्षर लावून वाचतो. आजही पेपर वाचायचा तर दुपार जाते. हे लिहायला मला दोन महिने लागले आहेत. पण जन्म पुस्तकांत गेला. डोक्यावर स्वच्छ टोपी, आजूबाजूला सगळे ग्रंथ, त्यामुळे लोकांना वाटायचं, माणूस शिकलेला आहे. मी त्यांना तसं वाटू द्यायचो.

जवळच्या कॉर्पोरेशनच्या शाळेत गेलो तर हेडमास्तर म्हणाले, "इथं बसून ती काय करणार? कौलं मोजणार?" कुणीतरी मूकबधिरांची शाळा सांगितली. तिथल्या मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. पांढरं लुगडं, सरळ पाठ, आवाज कधी चढवायचा नाही. त्यांनी फॉर्म पुढे केला. त्यात पालकांचं शिक्षण असा रकाना होता. मी लिहिलं, 'पुरेसे'. बाईंनी ते वाचलं आणि माझ्याकडे बघितलं.

मग त्यांनी अट सांगितली. "घरात खुणा करता?"

"करतो की. फार हुशार आहे, बाई. आमच्या घरमालकांची तर अशी..."

"आजपासून बंद. एकसुद्धा नाही. हात चालले की जीभ बसते. हातांनी काम भागलं तर ती तोंड कशाला उघडेल? तुम्ही सुशिक्षित दिसता, म्हणून स्पष्ट सांगते. घरी नियम पाळलात तर चार वर्षांत ही बोलेल, आणि मग तिला ऐकणाऱ्या मुलींच्या शाळेत घालू. तिथं ती चारचौघींसारखी शिकेल. नाही पाळलात, तर ती जन्मभर इथलीच."

मी म्हणालो, "शब्द दिला."

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"आणि पोटात दुखलं तर सांगणार कशी?"

"तोंडानं सांगेल."

"कधी?"

"बाई म्हणाल्यात, चार वर्षांत."

"तोवर दुखू द्यायचं का?"

मी म्हणालो, तुला शाळेतलं काय कळतं. जसं काही मला कळत होतं.

त्या संध्याकाळी पोरगी नेहमीसारखी पुढ्यात येऊन उभी राहिली आणि सुरू झाली. मी भिंतीकडे बघत बसलो. तिला वाटलं मी खेळतोय. ती भिंतीच्या बाजूला आली. मी दुसरीकडे तोंड फिरवलं. असं पाच-सहा वेळा झालं. मग तिचे दोन्ही हात धरून तिच्याच मांडीखाली घातले आणि माझ्या ओठांवर बोट ठेवून म्हणालो, "बोल." रोज हेच. महिन्याभरानं एकदा तिनं हात बाहेर काढून काहीतरी घाईघाईनं सांगायला घेतलं, तेव्हा घडी दाबायची हाडाची पट्टी माझ्या हातात होती, ती मी तिच्या बोटांवर मारली. ती काय सांगत होती ते मला आजतागायत माहीत नाही.

बोलायला मात्र ती शिकली, हे कबूल करायला हवं. 'प' म्हणायला शिकवताना तोंडासमोर पातळ कागदाची पट्टी धरतात. ओठातून वारा बरोबर सुटला तर ती हलते. शाळेतल्या पट्ट्या जाड होत्या. मी माझ्याकडचा सगळ्यांत पातळ कागद कापून साऱ्या शाळेला पुरतील एवढ्या पट्ट्या नेऊन दिल्या. बाई म्हणाल्या, "असे पालक हवेत." मी आठ दिवस फुगून होतो. 'आई' म्हणायला तिला आठ महिने लागले. आवाज पत्र्यावर खिळा ओढावा तसा. मला तो गोड लागायचा. चौथ्या वर्षी स्नेहसंमेलनात पाहुण्यांसमोर तिला आणि आणखी तिघींना उभं केलं. तिघी नुसत्या हात जोडून उभ्या होत्या. आमच्या मुलीनं प्रार्थनेच्या चार ओळी म्हटल्या. टाळ्या थांबेनात. फोटो काढला. बाईंनी शब्द पाळला, चिठ्ठी दिली, आणि पेठेतल्याच एका मुलींच्या शाळेत तिला दुसरीत घेतलं. पहिला बाक. मी त्या दिवशी गल्लीला पेढे वाटले.

आता माझ्या मूर्खपणाचं सांगतो. ती शाळेतून वह्या आणायची, आणि काय त्या वह्या! अक्षर छापल्यासारखं. समास पट्टीनं आखलेला, कुठं खाडाखोड नाही, एक पान रिकामं नाही. दरवर्षी पास. मी मे महिन्यात तिच्या सगळ्या वह्या उसवायचो, एकत्र शिवायचो, कापडी पाठ, कडक पुठ्ठा, वर सोनेरी अक्षरांत इयत्ता. दुकानात समोरच्या फळीवर मांडून ठेवायचो. गिऱ्हाईक आलं की आधी वही त्याच्या हातात. पुस्तक चांगलं की वाईट हे मी आयुष्यभर शिलाईवरून, कागदावरून आणि पाठीवरून ओळखत आलो. तिच्या वह्यांना कुठं नाव ठेवायला जागा नव्हती.

ती सातवीत असताना एक रिटायर्ड मास्तर दुकानात यायचे. जुनी पुस्तकं बांधून न्यायचे आणि प्रत्येक वेळी काहीतरी खोट काढायचे. त्यांच्याही हातात वही दिली. मास्तरांनी चष्मा लावला. इतर लोक चाळायचे. हे वाचायला लागले.

"अहो बाइंडर, इतिहासाची वही ना ही?"

"हो. बघा की अक्षर."

"अक्षर बघतोय. आग्र्याहून सुटका चालली आहे. महाराज पेटाऱ्यात बसले. आणि खाली एकदम 'बोलणाऱ्या मुली', आणि सात जणींची नावं. दोघींपुढे फुल्या. त्याखाली 'पट बावन्न, हजर एकोणपन्नास'. मग पुन्हा पेटारा."

मला समजेना. मास्तर म्हणाले, "फळ्यावर जे जे दिसलं ते उतरवलंय हो हिनं. मॉनिटरनं कोपऱ्यात लिहिलेलंसुद्धा. आणि हे बघा, अर्ध्यात पुसलंय तिथं शब्दही अर्धाच."

"मग? फळ्यावरचं उतरवायचंच असतं."

"कुठं आहे मुलगी? बोलवा तिला."

मी तिला खाली बोलावलं. मास्तरांनी तिच्यासमोर कागद ठेवला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, 'तुझे वडील काय काम करतात?' तिनं कागद ओढून घेतला, समासाला जागा सोडली, आणि खाली सुरेख अक्षरात लिहिलं, 'तुझे वडील काय काम करतात?' प्रश्नचिन्हासकट. मग मान वर करून मास्तरांकडे बघितलं. शाबासकीची वाट बघत होती.

मास्तरांनी आणखी एक लिहिलं. 'तुला भूक लागली आहे का?' तिनं तेही उतरवलं.

एरवी मास्तरांना टोमण्याशिवाय बोलता यायचं नाही. त्या दिवशी त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि पुस्तकं न घेताच निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाही. तिला घेऊन आधी तिच्या शाळेत गेलो. वर्गशिक्षिका चांगल्या होत्या, तरुण होत्या.

"अहो, किती शांत मुलगी आहे. वर्गात कुणाला त्रास नाही."

"तिला काही येत नाही, बाई. पेपरात काय लिहिते ती?"

त्या खाली बघायला लागल्या. "प्रश्नपत्रिकाच सुंदर उतरवते. आता... तेवढ्यासाठी नापास करून तिचं मन मोडायचं का? वर्गात पन्नास मुली आहेत. मी तिला एकटीला कधी बघू?"

"आणि हे तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं?"

"आपणही कधी विचारायला आला नाहीत," त्या म्हणाल्या. "आम्हाला वाटलं, आपल्याला कल्पना आहे."

तिथून तडक मोठ्या बाईंकडे. मुलीला अंगणात थांबवलं आणि आत गेलो. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ती बोलते की नाही?"

"चाळीस-पन्नास शब्द बोलते. पण समजत नाही तिला काही."

"बोलायला शिकवण्याचं काम आमचं होतं. पुढचा अभ्यास पालकांनी घरी करून घ्यायचा असतो. आपण फॉर्मवर लिहिलं होतंत, शिक्षण पुरेसं आहे म्हणून."

आयुष्यात मला एवढी लाज कधी वाटली नव्हती. तरी म्हणालो, "माझी चूक. पण तिला परत घ्या. दुसरीपासून बसवा."

"ते कसं जमेल? चौदा वर्षांची मुलगी. शिवाय ती आमच्याकडून बाहेर गेलेली पहिली मुलगी आहे. देणगीदारांना आम्ही तिचं उदाहरण देतो. ती परत आली तर इतर पालक काय समजतील?"

मी उठलो. नमस्कार केला की नाही, आठवत नाही.

बाहेर आलो तर अंगणात मुलगी नाही. पाण्याच्या टाकीमागे पोरांचा घोळका होता, त्यात ती. तिच्या जुन्या मैत्रिणी, स्टेजवर हात जोडून उभ्या असलेल्या त्याच तिघी, आणि आणखी दहाबारा जण. सगळ्यांचे हात चालले होते. असे हात मी कधी पाहिले नव्हते. आमच्या घरच्या त्या दहावीस खुणा नव्हत्या या. एक सांगतोय, दुसरा तोडतोय, तिसरी खोटं खोटं रुसतेय. आणि आमची मुलगी मध्ये उभी राहून कुणाची तरी नक्कल करत होती आणि सगळी पोरं वाकून वाकून हसत होती. शेजारून दोन शिक्षिका डबे घेऊन गेल्या. त्यांनी बघितलं आणि पुढं गेल्या.

मी शिपायाला विचारलं, "इथं हे चालतं?"

तो हसला. "रोजचंच आहे हो. घंटा झाली की हात सुरू. मोठ्या बाई आल्या की खाली."

"बाईंना माहीत आहे?"

"तीस वर्षं शाळेत आहेत. माहीत नसेल होय?"

म्हणजे जो नियम शाळेत कुणी पाळत नव्हतं, तो मी नऊ वर्षं माझ्या घरात पाळला होता. घरी पोचेपर्यंत माझ्या डोक्यात एवढंच घोळत होतं. बायकोला म्हणालो, "आपल्याला फसवलं." सगळं सांगितलं, टाकीमागचंही. तिनं ऐकलं, आणि तिला त्याचं काही नवल वाटलं नाही, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

"तू का गप्प?"

"काय बोलू? दुपारी तुम्ही दुकानात असलात की आम्ही बोलायचोच. तिच्या मैत्रिणींकडून ती खुणा शिकून यायची, मला शिकवायची. तुमची जिन्यावर चाहूल लागली की मी तिला खूण करायची, आणि आम्ही गप्प बसायचो."

"नऊ वर्षं?"

"तुम्ही शब्द दिला होतात. मी नव्हता दिला."

त्या दिवशी मी जेवलो नाही. बाईंनी फसवलं ते एक वेळ सोडा, त्या परक्या. स्वतःच्या घरात, स्वतःच्या जिन्यावर माझ्या पावलांना दोघी घाबरत होत्या, आणि मी वर येताना मुद्दाम पाय वाजवत यायचो, पोरीला हादरे कळतात म्हणून.

मुलीचं नाव शाळेतून काढलं. ती दुकानात बसायला लागली. मास्तर आठ दिवसांनी पुस्तकं न्यायला आले ते रोजच यायला लागले. त्यांनी तिला शिकवलं, आणि कसं, तर हातोडीवर 'हातोडी' अशी चिठ्ठी, माझ्या टोपीवर 'टोपी' अशी चिठ्ठी, आणि आई मध्ये बसून हातांनी अर्थ सांगणार. चार वर्षांनी पोरगी माझ्यापेक्षा भराभर पेपर वाचायला लागली. मीही खुणा शिकायला बसलो, पण माझी बोटं जाड झालेली. मी काही सांगायला गेलो की ती हसू दाबायची. मैत्रिणी आल्या की तिघीचौघींच्या हातांचा असा कल्ला व्हायचा की मला दहातलं एक कळायचं. मी खोलीत गेलो की त्यांचे हात आपोआप हळू व्हायचे. मला कळावं म्हणून, असं ती सांगायची. मी ते मान्य करायचो.

पुढं पंधराएक वर्षांनी मोठ्या बाईंच्या शाळेची स्मरणिका निघाली. बाई रिटायर झाल्या होत्या, पण कमिटीवर होत्या. तीनशे प्रती बांधायला माझ्याकडेच आल्या. मी नाही म्हणणार होतो, पण पेठेत माझ्याइतकं चांगलं काम कुणी करत नाही, आणि हे त्यांना ठाऊक होतं याचं मला बरं वाटलं. छापील फॉर्म, म्हणजे घड्या घालून शिवायचे मोठे कागद, आले, त्याबरोबर आर्ट पेपरचं एक सुटं पान, मध्ये खळीनं डकवायचं. त्यावर तो स्नेहसंमेलनातला फोटो. आमची मुलगी तोंड उघडून उभी, शेजारी तिघी. खालचा मजकूर मी लावून लावून वाचला. या शाळेत बोलायला शिकून पुढं सर्वसाधारण शाळेत यशस्वीपणे शिक्षण घेतलेली आमची विद्यार्थिनी, असा होता.

मुलगी तेव्हा मैत्रिणीच्या लग्नाला मिरजेला गेली होती. चार दिवसांत मी तीनशे प्रती बांधल्या, आणि एकीतही ते पान घातलं नाही. सगळी पानं गठ्ठा करून रद्दीच्या पोत्यात टाकली. बाईंचा माणूस प्रती न्यायला आला, त्यानं विचारलं, "फोटोचं पान?" मी म्हणालो, "माझ्याकडे आलंच नाही." खोटं बोललो आणि मला त्याचं सुख वाटलं.

मुलगी परत आली. रद्दी बांधताना तिला गठ्ठा सापडला. तिनं एक पान उजेडात धरून बराच वेळ बघितलं. मला वाटलं, मजकूर वाचून चिडेल, माझ्या बाजूनं होईल. ती माझ्यासमोर आली आणि हातांनी काही विचारलं. मी समजलं नाही असं दाखवलं. तिनं पुन्हा विचारलं, हळू, लहान मुलाला विचारावं तसं. मला पहिल्या वेळीच कळलं होतं. ती विचारत होती, मला विचारलं होतं का?

मी मजकुरावर बोट ठेवून म्हणालो, "खोटं आहे हे." तिनं माझं बोट उचलून बाजूला केलं आणि फोटोतल्या तिघींवर एकेक करून आपलं बोट ठेवलं. त्यातली एक गेल्या वर्षी बाळंतपणात गेली होती. मग स्वतःच्या उघड्या तोंडावर ठेवलं. आणि तोंडानंच, त्या तिच्या आवाजात म्हणाली, "मी म्हटली. प्रार्थना."

बाईंनी फसवलं, शाळेनं फसवलं, बायकोनं फसवलं, हे मी वर लिहिलं आहे आणि त्यातला एक शब्द मागे घेत नाही. तो मजकूरही खोटाच होता. पण त्या वेळी ती ज्या नजरेनं माझ्याकडे बघत होती ती मी ओळखली. बाईंच्या टेबलासमोर बसलो होतो तेव्हा माझी तशीच असणार.

तिनं गठ्ठा पिशवीत घातला, खळीचा डबा आणि ब्रश घेतला आणि गेली. शाळेत बसून शिल्लक राहिलेल्या सगळ्या प्रतींत तिनं ते पान डकवलं, हे शिपायाकडून नंतर कळलं. संध्याकाळी आली. हात कोपरापर्यंत चिकट होते. मी मोरीवर पाणी ओतायला उठलो. तिनं तांब्या माझ्या हातातून घेतला, आपले हात आपणच धुतले आणि आईजवळ जाऊन बसली. मग भिंतीकडे तोंड करून, मला दिसणार नाही अशा बेतानं, तिनं आईला दिवसभराचं सगळं सांगितलं.